पाच तासांचं घर

इंग्मार बर्गमनच्या ‘फॅनी आणि अलेक्झांडर’च्या दोन आवृत्त्या आहेत. एक 188 मिनिटांची, 1982च्या डिसेंबरात स्वीडनच्या थिएटरांत लागलेली. दुसरी दूरचित्रवाणीसाठी केलेली, 312 मिनिटांची. बर्गमनच्या मनातला चित्रपट ही दुसरीच होती. तिच्यावर कात्री चालवून छोटी तयार करताना त्याला फार जड गेलं. जगाने मात्र बहुतांशी छोटीच पाहिली, आणि ‘उत्तम आहे, पण जरा लांबलाय’ असा शेरा तिच्याच नावावर लागला. मला नेमकं उलटं वाटतं. लांब वाटते ती छोटी आवृत्ती. तिच्यात गोष्ट सगळी आहे, पण त्या गोष्टीतली माणसं जिथे राहतात ते घर पुरतं अंगात मुरायच्या आत गोष्ट सुरू होते, आणि मग आपण तिच्या मागे धावत राहतो. मोठी आवृत्ती पाहताना घाई नावाची गोष्ट उरत नाही. तासभर झाला तरी काहीच ‘घडलेलं’ नसतं, आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

कथा सांगायची तर चार ओळींत संपते. 1907 साल. उप्साला या विद्यापीठाच्या गावाची सावली असलेलं एक स्वीडिश शहर. एकडाल हे खातंपितं कुटुंब, त्यांच्या मालकीचं एक नाट्यगृह. थोरला मुलगा ऑस्कार आणि त्याची बायको एमिली ते चालवतात, दोघंही नट. त्यांची मुलं म्हणजे अलेक्झांडर आणि फॅनी. नाताळ मोठ्या थाटात साजरा होतो. त्यानंतर ऑस्कार मरतो. एमिली शहराच्या बिशपशी, एडवर्ड व्हेर्गेरुसशी, लग्न करते आणि मुलांना घेऊन त्याच्या घरी राहायला जाते. ते घर तुरुंग निघतं. आजीचा जुना स्नेही, ज्यू व्यापारी इसाक याकोबी, मुलांना तिथून सोडवून आणतो. बिशप जळून मरतो. कुटुंब पुन्हा एका टेबलाभोवती बसतं. कथेपुरतं बोलायचं तर हे ऐन मेलोड्रामाचं सामान आहे: सावत्र बाप, गजांची खिडकी, आग, सुटका. आपल्या जुन्या संगीत नाटकांना हे कथानक सहज चाललं असतं.

पण चित्रपट उघडतो तो कथेपासून फार दूर. पडद्यावर एक खेळण्यातलं नाट्यगृह आहे, पुठ्ठ्याचं. समोर छोट्या मेणबत्त्यांची रांग, कमानीवर डॅनिश भाषेतली एक ओळ, ‘केवळ करमणुकीसाठी नव्हे’ अशा अर्थाची. रंगवलेला पडदा वर जातो, मागे दुसरं दृश्य, तेही वर सरकतं, त्याच्या मागे तिसरं. शेवटचा पुठ्ठा उचलला जातो आणि तिथे एका मुलाचा चेहरा दिसतो, रंगमंचापेक्षा कितीतरी मोठा. हनुवटी हातावर टेकून तो आपल्या छोट्या रंगभूमीकडे पाहतोय. कोण कुणाला दाखवतंय, हा प्रश्न इथेच उभा राहतो. पुढच्या पाच तासांत आपण जे पाहू ते या मुलाला दिसलेलं आहे की त्याने रचलेलं, याचा निवाडा बर्गमन कधीच करत नाही.

मग अलेक्झांडर रिकाम्या घरातून हिंडतो. आईला हाक मारतो, फॅनीला मारतो, दाईला, आजीला. उत्तर येत नाही. भरल्या घरात वाढलेल्या मुलाला एखाद्या दुपारी अचानक सगळे कुठेतरी गेलेले सापडतात, त्या वेळची ही भीती आहे, आणि तिच्यात थोडी गंमतही मिसळलेली आहे. तो आजीच्या पलंगात शिरून पाहतो, मग टेबलाखाली जाऊन बसतो. घड्याळं वाजतात. झुंबराचे लोलक किणकिणतात. कोपऱ्यातला संगमरवरी स्त्रीपुतळा हळूच हात हलवतो. आणि त्याच वेळी, झाडांच्या कुंड्यांआडून, गालिच्यावरून एक विळा फरफटत जातो. तो ओढणारी आकृती आपल्याला जेमतेम दिसते. इतक्यात मोलकरीण शेगडीत कोळसा ओतते, खडखडाट होतो आणि पुतळा पुन्हा दगड होतो. आजी येते, पत्ते खेळणार का म्हणून विचारते. मृत्यू याच घरात, याच गालिच्यावर, मोलकरणीच्या कोळशाच्या बादलीइतकाच घरगुती आहे. पुढे ऑस्कार मरतो तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही, कारण विळा आधीच दिसून गेलेला असतो.

आता नाताळ. छायाचित्रकार स्वेन निक्विस्ट आणि कलादिग्दर्शक आना आस्प यांनी इथे जे केलंय ते डोळे भरून पाहण्यासारखं आहे. दोघांनाही 1984 साली ऑस्कर मिळालं. वेशभूषेसाठी मारिक व्हॉस यांना मिळालं, शिवाय परभाषी चित्रपटाचंही, एकूण चार. आजी हेलेनाचं घर लाल आहे: पडदे लाल, गाद्या लाल, त्यावर सोनेरी गोंडे, मधूनच गडद हिरवं. त्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, त्यामुळे घरातला बहुतेक उजेड दिव्यांचा आणि मेणबत्त्यांचा. निक्विस्टचा कॅमेरा एका खोलीच्या दारातून दुसरी, तिच्या दारातून तिसरी अशा उघडत जाणाऱ्या दालनांमधून सरकतो, आणि प्रत्येक चौकटीत कुणीतरी काहीतरी करत असतं. कुणी ताट मांडतंय, कुणी गाल पुसतंय, कुणी कुणाला भिंतीशी गाठतंय. कार्लकाका मुलांना जिन्यावर नेऊन पादून मेणबत्त्या विझवून दाखवतो. हा प्रसंग बर्गमनने दाखवलाय म्हटल्यावर ‘द सेव्हन्थ सील’चे भक्त दचकतात. मला त्यात या चित्रपटाची सगळी तब्येत दिसते. मुलांच्या आठवणीत काका याच गोष्टीसाठी राहतो. त्याची कर्जं, त्याचं कडवट लग्न, रात्री बायकोपुढे काढलेलं रडगाणं हे मोठ्यांच्या खोल्यांत चालतं.

मग नाच. हात धरून साखळी, सगळं कुटुंब गात गात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, पुन्हा तिसरीत, मालक, नोकर, मुलं, म्हाताऱ्या. नाताळच्या रात्री या घरात नोकरही त्याच टेबलावर जेवतात. दोघा-चौघा पाहुण्यांना ते रुचत नाही, पण एकडालांची ती पद्धत आहे.

इथे मला गुरुग्रामचा विषय काढावाच लागेल, कारण हा चित्रपट पुन्हा पाहिला तो इथे, जानेवारीच्या धुक्यात, ओळखीच्या काही मराठी घरांनी मिळून, एकेका संध्याकाळी एकेक अंक असा. (मोठी आवृत्ती पाच अंकांत आहे, आधी एक प्रवेशक आणि शेवटी उपसंहार. ती अशीच तुकड्या-तुकड्यांनी पाहायची असते.) बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट. या इमारतीत कामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट आहे, गेटवर त्यांची वेगळी नोंद होते, निघताना पिशवीही तपासतात. त्या रात्री स्वयंपाकघर आवरून निघालेली बाई दारात क्षणभर थांबून पडद्यावरचा नाच पाहत होती. यजमानीणबाई म्हणाल्या, “बसा ना थोडं.” ती म्हणाली, “नहीं दीदी, गेट बंद हो जाएगा,” आणि गेली. आमच्यापैकी एकाने लगेच बर्गमनच्या त्या एका टेबलाचं कौतुक सुरू केलं. ते पुरतं खरं नाही. त्याच नाताळच्या रात्री गुस्टाव्ह अडॉल्फ हा दुसरा काका मुलांच्या लंगडणाऱ्या तरुण दाईच्या खोलीत जातो; त्याच्या बायकोला, आल्माला, ते ठाऊक असतं, सासूलाही असतं, आणि सगळे प्रेमाने काणाडोळा करतात. पुढे दाईला मूल होतं, घर तेही सामावून घेतं, आणि तिच्या आयुष्याचा आराखडा काका स्वतःच ठरवून मोकळा होतो. तिला काय हवंय हे विचारायचं शेवटी बायकांनाच सुचतं. एका टेबलावर जेवायला बसवणं आणि एका पातळीवर माणूस मानणं यांत किती अंतर राहतं, हे बर्गमनला नीट ठाऊक आहे. त्याचं प्रेम त्यामुळे कमी होत नाही. तो या घराला माफ करत नाही आणि सोडतही नाही.

मोठी आवृत्तीच का पाहावी, याचं एक कारण म्हणजे खुर्चीचा प्रसंग. मुलांच्या खोलीतली एक साधी लाकडी खुर्ची. ऑस्कार ती उचलून मुलांपुढे ठेवतो आणि सांगू लागतो, की ही जगातली सगळ्यात मौल्यवान खुर्ची आहे, चीनच्या राजघराण्यातून आलेली, फार प्राचीन, हिच्यातून आपोआप उजेड पाझरतो. ऑस्कार तसा सुमार नट आहे. हे त्यालाही माहीत आहे आणि त्याच्या आईलाही. थिएटरातल्या नाताळच्या भाषणात त्याची जीभ अडखळते. पण इथे, चार-सहा प्रेक्षकांपुढे, तो थोर नट होतो. कॅमेरा मुलांच्या चेहऱ्यांवर जातो. अलेक्झांडरचे डोळे खुर्चीवरून हटत नाहीत. बाप मुलाला वारसा देतोय तो हाच: ‘हे जे समोर आहे ते जे दिसतं तेवढंच नाही,’ असं म्हणायची परवानगी. छोट्या आवृत्तीत ही खुर्ची नाही. त्यामुळे तिथे अलेक्झांडरच्या पुढच्या थापा नुसत्या थापा वाटतात. त्या बापाकडून आल्या, हे कळत नाही.

ऑस्कार कोसळतो तो तालमीत. ‘हॅम्लेट’ची तालीम चालू आहे आणि तो हॅम्लेटच्या बापाच्या भुताची भूमिका करतोय. मध्येच त्याला आपण कुठे आहोत, पुढे काय बोलायचं, तेच आठवेनासं होतं. कापूस आणि पांढऱ्या रंगात माखलेला हा माणूस तिथेच घसरतो, आणि नाटकमंडळी त्याला बर्फातून गाडीवर घालून घरी नेतात. मराठी माणसाला या प्रसंगाची वेगळी ओढ वाटावी. आपल्याकडे आगरकरांनी 1883 साली ‘विकारविलसित’ म्हणून ‘हॅम्लेट’ आणला आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशींनी तो गाजवला. एकडालांचं थिएटर ज्या वर्षांत चालतंय, त्याच वर्षांत इथे किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्व नावाचा तरुण नट नावारूपाला येत होता. मार्च 1911 मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, आणि तरी तोंडाला रंग लावून ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. प्रयोग थांबत नाही, या एका गोष्टीचा आपल्याला फार अभिमान. बर्गमनला ती थोरवी नको आहे. त्याचा नट वाक्य विसरतो, घाबरतो, मरतो. मात्र त्याने घेतलेली भूमिका त्याला सोडत नाही. भूत होण्याची तालीम करत होता, तो खरोखरच भूत होतो. पांढऱ्या सुटात, थोडा ओशाळलेला, तो पुढे घरात अधूनमधून दिसत राहतो. काही करू शकत नाही, कुणाला वाचवू शकत नाही. हॅम्लेटचा बाप सूड मागतो; हा बिचारा नुसता काळजी करतो.

मरणापेक्षा त्याच्या नंतरची रात्र भयंकर आहे. मुलं झोपेतून उठतात, कारण कुठून तरी किंचाळी येते. थांबते, पुन्हा येते. ती दाराच्या फटीपाशी जाऊन पाहतात. आत बापाचं कलेवर ठेवलंय आणि आई त्याच्यासमोर इकडून तिकडे, तिकडून इकडे चालतेय आणि ओरडतेय. फटीएवढ्या चौकटीत ती येते, निघून जाते, पुन्हा येते. बर्गमन आत जात नाही. कॅमेरा मुलांबरोबर बाहेर राहतो. दिवसा एमिली शांत, देखणी, काळ्या बुरख्यातली विधवा असते. अंत्ययात्रेत बँड शोपाँचं शोकगीत वाजवत असतो आणि मिरवणुकीत चालताना अलेक्झांडर तोंडातल्या तोंडात गलिच्छ शिव्या पुटपुटत असतो. दुःखाने जे जे शहाणपण आणावं म्हणतात, त्यातलं काहीही या मुलाला येत नाही.

आणि आता बिशप. त्याचं घर नदीच्या प्रवाहाकाठी आहे, आणि पाण्याचा घोंगावता आवाज तिथे सतत येत राहतो. एकडालांच्या घरी घड्याळं होती, इथे ही नदी. भिंती पांढुरक्या, राखाडी. सामान जवळजवळ नाही. निक्विस्टचा उजेड इथे थंड पडतो, आणि कॅमेरा आधी जसा खोल्यांतून भटकत होता तसा भटकायचं सोडून देतो. रंगांचा हा फरक कुणालाही कळेल इतका ढोबळ आहे, असा आक्षेप मी ऐकलाय. तो बरोबरही आहे, पण चुकीच्या जागी लावलेला. मूल अशाच ढोबळपणे पाहतं. लाल घर, पांढरं घर. मोठेपणी आपण त्यात करड्या छटा भरतो, आणि बर्गमनने त्या माणसांत भरल्यात, भिंतींत नाही.

कारण हा बिशप खलनायक म्हणून उभा केलेला नाही. यान माल्मशोने त्याला देखणा, मऊ आवाजाचा, स्वतःवर खूश असलेला माणूस केलंय. अलेक्झांडरने शाळेत सांगितलेलं असतं, की आई मला सर्कशीला विकणार आहे. बिशप त्याला समोर उभं करून खोटं आणि खरं यातला फरक समजावतो. बोलताना त्याचा हात मुलाच्या डोक्यावरून, मानेवरून फिरत राहतो; लाड आणि पकड एकाच हातात. या प्रसंगात तो एकही चुकीचं वाक्य बोलत नाही. आमच्यात सोलापूरहून लेकाकडे आलेल्या एक आजी होत्या. नातू त्यांना सबटायटल्स वाचून दाखवत होता. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “हा दुष्ट नाही रे. याला वाटतं आपलं कधीच चुकत नाही. असले फार वाईट.” पुढे दहा वर्षांच्या पोराला छडी, एरंडेल किंवा अंधारी कोठडी यांतून शिक्षा निवडायला लावणारा, फटके मारल्यावर स्वतःच्या हाताचं चुंबन घ्यायला लावणारा माणूस हे सगळं प्रेम म्हणूनच करतो, आणि त्याचा तसा विश्वासही आहे. बर्गमन पाद्र्याचा मुलगा. आत्मचरित्रात त्याने घरच्या अशाच शिक्षांबद्दल आणि नंतर चुंबायच्या त्या हाताबद्दल लिहिलंय. चित्रपटात एवढा पुरावा पुरे होता. तरी त्याने सूड म्हणून हा माणूस सपाट केला नाही.

शिक्षा झाली कशाबद्दल? अलेक्झांडरने बिशपच्या मोलकरणीला, युस्तिनाला, सांगितलेलं असतं, की बिशपच्या आधीच्या बायकोला आणि दोन मुलींना त्याने कोंडून ठेवलं होतं आणि पळताना त्या नदीत बुडाल्या. त्यांची भुतं मला दिसली. युस्तिना (हॅरिएट अँडरसन, तिच्या हाताच्या जखमांचा एक क्लोजअप विसरणं अवघड) ते मालकाला पोचवते. मग बायबलवर हात, शपथ, कबुली, छडी.

आपल्या बालपणाच्या गोष्टींत खोटं बोलणाऱ्या मुलाची जागा ठरलेली आहे. साने गुरुजींचा श्याम चुकतो, आईच्या डोळ्यांत पाणी येतं, तो रडतो, आणि एक पायरी वर चढतो. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (1953) राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, आणि मराठी घरांत बालपण कसं आठवायचं याचं वळण त्या पुस्तकाने आणि चित्रपटाने घालून दिलं. मीही त्याच वळणात वाढलो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण अलेक्झांडर पाहिल्यावर जाणवतं, की आपण मुलाच्या खोट्याकडे फक्त नीतीच्या अंगाने पाहिलंय. या मुलाची थाप एक शस्त्र आहे, थोडी कलाही आहे, आणि पुष्कळदा ती खऱ्याच्या जवळ जाणारी आहे. आधीच्या बायकोला बिशपने कोंडलं होतं की नाही, आपल्याला कळत नाही. एमिलीला मात्र तो आपल्या डोळ्यांसमोर कोंडतो. मुलाने ऐकीव गोष्ट म्हणून सांगितली ती भविष्यवाणी निघते. आणि तरी बर्गमन त्याला निर्दोष ठरवत नाही. तो मार खाताना आपला जीव तुटतो, पण त्याच्या डोळ्यांतला द्वेषही आपल्याला दिसतो, आणि तो द्वेष पुढे कामाला येणार असतो.

सुटकेच्या प्रसंगाबद्दल समीक्षकांनी पुष्कळ डोकं चालवलंय. इसाक बिशपकडे एक मोठी पेटी विकत घ्यायला येतो. मुलं चोरून पेटीत लपतात. बिशपला संशय येतो, तो म्हाताऱ्या ज्यूला शिव्या देत मारतो, पेटी उघडतो. मग इसाक वर पाहून आभाळ फाटेल असा टाहो फोडतो आणि पडदा क्षणभर पांढराफटक होतो. बिशप वर धावतो तर मुलं त्यांच्या खोलीत जमिनीवर पडलेली. एमिली ओरडते, हात लावू नका. आणि खाली पेटीतही मुलं आहेतच. ती गाडीत चढवली जाते आणि निघते. दोन्हीकडे मुलं. एर्लांड योसेफसनने इसाकचा तो टाहो असा काढलाय, की चमत्कार कसा झाला हे विचारायची इच्छाच होत नाही. एवढा वेळ घर, जेवण, कर्ज, मरण यांत घालवल्यावर बर्गमनने हा एक क्षण फुकट मागितलाय, आणि त्याला तो द्यावा असं मला वाटतं. पुठ्ठ्याच्या रंगभूमीवर पडदा वर गेला की मागे दुसरंच दृश्य येतं, हे त्याने पहिल्या मिनिटालाच सांगून ठेवलं होतं.

इसाकच्या घराबद्दल मी तितका उदार नाही. कळसूत्री बाहुल्यांनी आणि जुन्या सामानाने भरलेलं, चक्रव्यूहासारखं ते घर डोळ्यांना अप्रतिम आहे. श्वास घेणारी ममी, देव म्हणून दाराआडून येणारी अक्राळविक्राळ बाहुली, सगळंच. पण या घरात कोंडून ठेवलेल्या इस्माएलच्या कोठडीत (त्याची भूमिका स्टीना एकब्लाड या स्त्रीने केलीये) चित्रपट स्वतःचं रहस्य जरा जास्तच बोलून दाखवतो. इस्माएल अलेक्झांडरला मिठीत घेतो आणि त्याच्या मनातला बिशपचा मृत्यू मोठ्याने उच्चारत जातो. तिकडे बिशपची अंथरुणाला खिळलेली लठ्ठ मावशी दिव्याने पेटते आणि पेटती त्याच्या अंगावर जाते. एमिलीने दिलेल्या झोपेच्या औषधाने तो गुंगीत असतो. मुलाच्या इच्छेने माणूस मेला का, आईच्या औषधाने, की नुसत्या अपघाताने? तिन्ही उत्तरं उघडी ठेवायची तर इस्माएलने एवढं बोलायला नको होतं.

त्याची भरपाई उपसंहारात होते. दोन बाळांचं बारसं, गोल टेबल, फुलांचा खच, गुस्टाव्ह अडॉल्फचं लांबलचक भाषण: छोट्या जगात राहू या, छोट्या सुखांची लाज बाळगू नये, अशा आशयाचं. पुष्कळांना वाटतं की बर्गमनचं म्हणणं हेच. भाषण करणारा कोण आहे, हे विसरायला नको. दाईच्या खोलीत जाणारा तोच. भाषण सुंदर आहे आणि वक्ता सोयीचं बोलतोय. दोन्ही एकाच वेळी. म्हणून लगेचच, हातात खाऊ घेऊन अंधाऱ्या बोळातून चाललेल्या अलेक्झांडरला मागून कुणीतरी धक्का देतं. तो पडतो. वर पाहतो तर काळा झगा आणि छातीवर झुलणारा क्रूस. माझ्यापासून तुझी सुटका नाही, असं बिशप बजावतो आणि पुढे निघून जातो. चांगला बाप भूत झाला तर दुर्बळ, वाईट बाप भूत झाला तर धडधाकट. यापेक्षा खरं बालपणाबद्दल फारसं काही सांगता येईल, असं मला वाटत नाही.

मराठीत या मुलखाच्या जवळ गेलेला एक चित्रपट आहे, उमेश विनायक कुलकर्णी यांचा ‘विहीर’ (2010). समीर आणि नचिकेत ही दोन भावंडं, आजोळचं घर, लग्नाची गर्दी, आणि त्या गर्दीतून नाहीसा होणारा एक मुलगा. सुधीर पळसाने यांचा कॅमेराही तसाच भरल्या घराचे कोपरे आधी दाखवून ठेवतो आणि मग ते रिकामे करतो. फरक असा, की समीरला मेलेला भाऊ भुताच्या रूपात येऊन भेटत नाही. त्याला स्वतःच शोधत जावं लागतं, माळरानातून, पाण्यातून. बर्गमनचं बालपण घरात कोंडलेलं आहे, ‘विहीर’चं उघड्यावर. अलेक्झांडरच्या कल्पनेला भिंती लागतात, समीरच्या कल्पनेला क्षितिज. ‘विहीर’ मिळाला तर तो आधी पाहावा, मग हा. उलटं केलं तर कुलकर्णींवर अन्याय होतो, कारण बर्गमनच्या लाल रंगापुढे काही काळ डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही.

एक तक्रार राहतेच. नाव ‘फॅनी आणि अलेक्झांडर’, फॅनी आधी. आणि तिला बोलायला किती मिळतं? मूठभर वाक्यं. ती भावाशेजारी उभी असते, त्याच्याबरोबर फटीतून पाहते, त्याच्याबरोबर पेटीत शिरते. सावत्र बापाने गालावर हात फिरवायला पुढे केला की ती चेहरा बाजूला घेते, आणि या एका हालचालीत अलेक्झांडरच्या सगळ्या थापांपेक्षा जास्त निकाल आहे. पेर्निला आल्व्हिनचा चेहरा पाहत राहिलं तर कळतं, की ही मुलगी काही रचत नाही. तिला जे दिसतं ते ती तसंच ठेवून घेते. बर्गमनने तिचं नाव वर लिहिलं आणि गोष्ट भावाला दिली. पाच तास बारा मिनिटं हाताशी असताना तिच्यासाठी एक अंक काढता आला असता.